जॅकेटातलं पाणी

मेच्या शेवटच्या आठवड्यात मालवणच्या किनाऱ्यावरची वर्दळ दोन-चार दिवसांत ओसरते. पावसाळी वाऱ्याची चाहूल लागली की मेरिटाइम बोर्डाच्या आदेशानं सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या आणि सगळी जलक्रीडा बंद होते, ती थेट ऑगस्ट संपेपर्यंत. होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर निळी ताडपत्री चढते, वडापावच्या गाड्या घरी जातात. पर्यटकांच्या लेखी सीझन संपला. एका डाइव्ह सेंटरच्या मागच्या पडवीत साहित्य सांभाळणाऱ्या माणसाच्या कामाला मात्र इथूनच खरा जोर चढतो. ऑक्टोबरपासून रोज समुद्रात जाऊन आलेली जॅकेटं, रेग्युलेटर, फिन आणि शिशाची वजनं त्याच्यापुढे येऊन पडतात. पुढचे तीन महिने ती धड ठेवायची, म्हणजे सप्टेंबरात कुणाच्या तरी जिवाची हमी त्यांच्या भरवशावर देता आली पाहिजे.

यातली सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे जॅकेट. कागदोपत्री तिचं नाव बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस, बोलण्यात बीसीडी, आणि होडीवर नुसतं जॅकेट. दिसायला ते बिनबाह्यांचं जाड जाकीट. आत मात्र हवेची पिशवी असते, तिला ब्लॅडर म्हणतात. पाठीवरच्या सिलिंडरमधून एक नळी या पिशवीकडे येते. डाव्या खांद्यावरून लोंबणाऱ्या पन्हाळी नळीच्या टोकाला इन्फ्लेटर असतो, त्यावर दोन बटणं असतात. एक दाबलं की हवा आत, दुसरं दाबलं की बाहेर. खांद्यावर आणि कमरेजवळ हवा सोडायचे वेगळे व्हॉल्व्ह असतात आणि पिशवी गरजेपेक्षा जास्त फुगली तर आपोआप उघडणारा एक सुरक्षा व्हॉल्व्ह. पाणबुड्यानं खाली जायचं, वर यायचं की मध्येच तरंगत राहायचं, हे या पिशवीतल्या थोड्याशा हवेवर ठरतं.

थोडीशी हवा म्हणजे किती, तेही पाहण्यासारखं आहे. साध्या ॲल्युमिनियमच्या 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबानं भरलेल्या हवेचं वजन अडीच किलोच्या पुढे जातं. डाइव्ह संपताना त्यातली बरीचशी हवा श्वासावाटे गेलेली असते, आणि सिलिंडर सुरुवातीपेक्षा दोनेक किलोनं हलका झालेला असतो. शेवटी वर उचलले जाऊ नये म्हणून पाणबुड्या सुरुवातीलाच तेवढं शिसं जास्त बांधून उतरतो, आणि त्या जादा वजनाची भरपाई जॅकेटातल्या हवेनं करतो. म्हणजे जॅकेट बिघडलं तर सगळा हिशेबच बिघडला.

पाणबुड्यांना ही सोय उशिरा मिळाली. कूस्तो आणि गान्यान या दोघा फ्रेंच माणसांनी 1943 मध्ये ॲक्वालंग हे पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वास पुरवणारं उपकरण बनवलं, तेव्हा माणूस पाण्याखाली मोकळेपणी श्वास घेऊ लागला. तरंगणं मात्र फुप्फुसांतल्या हवेवर आणि पायांच्या जोरावरच चाले. 1961 साली फ्रान्समध्ये मॉरिस फेंझीनं गळ्यात घालायची फुगवता येणारी पट्टी काढली. तिला हवेची स्वतंत्र छोटी बाटली होती. अंगात घालायचं आजच्यासारखं जॅकेट 1971 मध्ये स्कुबाप्रो कंपनीनं बाजारात आणलं. त्यानंतर कापड बदललं, बकल बदलली, वजनाचे खिसे आले. नायलॉनच्या कापडाला आतून युरेथेनचा थर आणि त्यात कोंडलेली हवा, ही मूळ कल्पना मात्र तशीच राहिली. त्या थराचा शत्रूही तोच राहिला, मीठ.

मालवणातला हा माणूस मूळचा रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांच्या घरातला. वडिलांच्या हाताखाली त्यानं जाळी विणली, होडीच्या फटी बुजवल्या. स्कुबाचं काम किनाऱ्यावर आलं तेव्हा तो आधी होडीवर सिलिंडर चढवायला लागला, मग कॉम्प्रेसरवर, आणि शेवटी साहित्यावर स्थिरावला. पाण्याखाली तो जातो, पण त्याला तिथलं फार कौतुक नाही. मासे त्यानं आयुष्यभर पाहिलेत. त्याचं लक्ष असतं ते परत आलेल्या होडीवरून साहित्य कसं उतरतं याकडे. जॅकेट कुणी सिलिंडरसकट वाळूत आडवं टाकलं की तो आतून ओरडतो, "अरे, वाळयेत नको! बाकावर ठेव!" वाळूचा एक कण बटणाच्या फटीत गेला तर संध्याकाळी तो काढायला टूथब्रश घेऊन बसायचं असतं त्याला.

होड्या दुपारी परततात आणि पडवीत कामाची रांग लागते. तीन टप. पहिल्यात रेग्युलेटर आणि मास्क, दुसऱ्यात जॅकेटं, तिसऱ्यात वेटसूट. या क्रमात तडजोड नाही. वेटसूट घालून पाण्यात उतरलेली पुष्कळ माणसं सूटमध्येच लघवी करतात, हे या धंद्यातलं उघड गुपित. सूट ज्या पाण्यात बुचकळला त्या पाण्यात माणसाच्या तोंडात जाणारी वस्तू धुवायची नाही. नवीन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी हे सांगितलं की तो हसतो, दुसऱ्या दिवशी टपाचा वास घेतला की त्याचं हसू जातं.

बाहेरून धुणं सोपं. जॅकेट टपात बुडवायचं, बकल उघड-बंद करायची, खिसे उलटे करायचे, व्हॉल्व्हच्या दोऱ्या पाण्याखाली ओढायच्या, दोन्ही बटणं दाबत राहायचं. वेल्क्रोत अडकलेली वाळू, केस, शेवाळाचे तंतू ब्रशनं काढायचे. खरा प्रश्न आतला. नवख्या माणसाला पटतच नाही की हवेच्या पिशवीत पाणी शिरतं. पाण्याखाली हवा सोडताना शेवटचा बुडबुडा गेला की उघड्या तोंडातून तेवढंच पाणी आत येतं. व्हॉल्व्हची दोरी क्षणभर जास्त ओढली तरी तेच. दिवसभरात तीन-चार फेऱ्या झालेलं जॅकेट उलटं केलं की आतून लिटरभर पाणी सहज पडतं. हे पाणी पाण्याखाली जाणवत नाही. होडीत चढताना मात्र तेवढं वजन अंगावर येतं, आणि पिशवीतली हवेची जागा अडते ती वेगळीच.

ते पाणी काढायची त्याची एक ठरलेली पद्धत आहे. आधी जॅकेट थोडं फुगवायचं. मग उलटं धरून, नळीचं तोंड सगळ्यात खाली येईल असं वळवून, हवा सोडायचं बटण दाबायचं. आतली हवाच पाण्याला बाहेर ढकलते. मग त्याच तोंडातून दोन-तीन लिटर गोडं पाणी भरायचं, पुन्हा थोडी हवा भरायची, जॅकेट दोन्ही हातांनी खालीवर घुसळायचं, कोपऱ्यांपर्यंत पाणी फिरू द्यायचं. मग अर्धं पाणी नळीवाटे काढायचं आणि अर्धं कमरेजवळच्या व्हॉल्व्हमधून. व्हॉल्व्हच्या आतली गादी आणि स्प्रिंगही धुवून निघाली पाहिजे, म्हणून दोन वाटा. हे सगळं पुन्हा एकदा.

पुन्हा एकदा का, हे पटवायला त्याच्याजवळ एक छोटं यंत्र आहे. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारे लोक घरोघरी दाखवतात तो टीडीएस मीटर. काही शे रुपयांची ती पेनाएवढी वस्तू पाण्यात विरघळलेले क्षार मोजते. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात, दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत. समुद्राच्या लिटरभर पाण्यात क्षार असतात सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे 35,000 मिलिग्रॅम. मीटर समुद्रात बुडवला तर आकडाच दाखवत नाही, त्याची मजल तिथवर जात नाही.

आता जॅकेटाचं गणित. वरवर उलटं करून ठेवलं तर घड्यांमध्ये पेलाभर, समजा 200 मिलिलिटर, पाणी राहतं. म्हणजे 7 ग्रॅम मीठ. त्यात 3 लिटर गोडं पाणी घालून घुसळलं आणि पुन्हा पेलाभर मागे ठेवून ओतलं, तर उरतं अर्ध्या ग्रॅमहून थोडं कमी. दुसऱ्यांदा तेच केलं की ग्रॅमचा तिसावा-चाळिसावा भाग. एका धुण्यात आणि दोन धुण्यांत एवढा फरक पडतो. तिसऱ्यांदा धुण्याचा फायदा जवळजवळ शून्य.

पण हे झालं गोड्या पाण्याचं गणित, आणि पाणी कुठलं हा किनाऱ्यावरचा जुना प्रश्न. पावसाळ्यानंतर विहिरी गोड असतात. मार्चनंतर उपसा वाढतो, पर्यटक वाढतात, पाण्याची पातळी खाली जाते आणि समुद्रालगतच्या विहिरी मचूळ होतात. "मे म्हयन्यात पाणी खारा लागता," असं म्हातारी माणसं सांगतात, मीटर त्याला आकडा देतो. विहिरीचं पाणी 1500 वर गेलं की पेलाभर उरलेल्या पाण्यात पाव ग्रॅमहून जास्त क्षार राहणारच, दोनदा धुवा नाहीतर दहादा. अशा वेळी पाण्याच्या बादल्या वाढवून काही साधत नाही. शेवटचा पेला काढून टाकण्याला महत्त्व येतं. तोच 200 चा 20 मिलिलिटर केला, तर मीठ दहापट घटतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये तो धुण्यापेक्षा निथळण्यावर जास्त वेळ घालवतो. जॅकेट नळी खाली करून टांगायचं, तासाभरानं पुन्हा थोडी हवा भरून उरलेलं ढकलायचं, मग व्हॉल्व्हच्या बाजूनं टांगायचं. होडीवरची मुलं याला त्याचं वेड म्हणतात. संध्याकाळी उशिरापर्यंत पडवीत फुस्स, फुस्स असा आवाज येत राहतो.

पाव ग्रॅम मिठानं असं काय होतं? रोज भिजणाऱ्या जॅकेटाचं फारसं काही नाही, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विरघळतं. जॅकेट वाळून पडून राहिलं की ते बाधतं. पाणी उडून जातं आणि मिठाचे खडे तयार होतात. ते जमतात जिथे पाणी शेवटपर्यंत रेंगाळतं तिथे, म्हणजे घड्यांच्या तळाशी, व्हॉल्व्हच्या गादीखाली आणि इन्फ्लेटरच्या बटणामागे. धारदार कडांचा खडा युरेथेनच्या थरावर घासत राहिला की सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. गादीखाली एक कण अडकला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. आणि बटणामागचा खडा सगळ्यात वाईट.

इन्फ्लेटरच्या आत मोटारीच्या टायरला असतो तसाच एक छोटा व्हॉल्व्ह असतो. मधला दांडा दाबला की हवा सुटते, स्प्रिंगनं तो परत वर आला की थांबते. सिलिंडरवरचा रेग्युलेटरचा पहिला टप्पा तिथे साधारण 9 ते 10 बार दाबानं हवा आणून उभी करतो. दांडा गंजानं किंवा मिठानं अडकला, तर बोट काढल्यावरही हवा येत राहते. पाण्याखाली याचा अर्थ गंभीर असतो. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट. तिथे जॅकेटात 2 लिटर हवा असेल तर वर येईपर्यंत तिची 4 लिटर होते. आणखी हवा येत राहिली तर माणूस बुचासारखा वर फेकला जातो. वेग मिनिटाला 9 मीटरच्या आत ठेवा असं शिकवतात, इथे तो कितीतरी पटींनी वाढतो. घाबरून श्वास रोखला तर फुप्फुसांतली हवाही फुगते. भरल्या फुप्फुसांनी श्वास धरून दीड-दोन मीटरवरून वर येण्यानंही ती फाटू शकतात. मालवणला पर्यटक उथळ पाण्यात जातात म्हणून धोका नाही, हा समज म्हणूनच चुकीचा. हवेच्या आकारमानातला मोठा बदल उथळातच होतो. 30 वरून 20 मीटरवर येताना हवा एक तृतीयांशानं वाढते, 10 वरून पृष्ठभागावर येताना दुप्पट.

पाण्यात असं झालं तर काय करायचं, ते प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ असतं. नळीची जोडणी ओढून काढायची आणि दुसऱ्या हातानं खांद्यावरचा व्हॉल्व्ह ओढून धरायचा. पण ती जोडणीही धातूचीच. तिच्या कड्याखाली मीठ जमलं असेल तर ओल्या बोटांनी ती सुटत नाही. म्हणून रोज धुताना तो प्रत्येक जोडणी काढतो, लावतो, काढतो. प्रशिक्षकांनी होडीवर चढण्याआधी तेच करून पाहावं, असा त्याचा आग्रह असतो. पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्या पर्यटकाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याच्या जॅकेटाची बटणं प्रशिक्षकाच्याच हातात असतात, त्यामुळे बिघाड झाला तर दोघांचा तोल जातो.

डायव्हर्स ॲलर्ट नेटवर्कच्या संशोधकांनी 1992 ते 2003 या काळातल्या हौशी पाणबुड्यांच्या 947 मृत्यूंचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध केला. जिथे सुरुवातीचं कारण शोधता आलं, त्यांतल्या 41 टक्के घटनांत हवा संपत आली होती, 20 टक्क्यांत माणूस कुठेतरी अडकला होता आणि 15 टक्क्यांत साहित्याची अडचण होती. त्यापुढची पायरी जास्त बोलकी आहे. अडचण जिवावर नेमकी कशामुळे बेतली, हे पाहिलं तर 55 टक्के वेळा घाईघाईनं वर येणं हे कारण निघालं. म्हणजे बिघाड छोटा असू शकतो, मारतो तो त्यानंतरचा उफाळा. सेंटरच्या प्रशिक्षकांनी हे आकडे एका पावसाळी प्रशिक्षणात सांगितले होते. पडवीतल्या माणसानं त्यातला फक्त 15 चा आकडा लक्षात ठेवला. बाकीचे त्याच्या हातात नाहीत.

धुतल्यानंतर सुकवणं. कोकणात ऊन फुकट मिळतं आणि तेच नको असतं. अतिनील किरणांनी नायलॉनचा रंग आधी जातो, मग जोर जातो. आतलं युरेथेन कडक होतं, पन्हाळी नळीला वळ्यांच्या खाचांत बारीक चिरा पडतात. नळी ताणून उजेडात धरल्याशिवाय त्या चिरा दिसत नाहीत. म्हणून जॅकेटं वाळतात ती माडाच्या सावलीत, वाऱ्यावर, रुंद खांद्याच्या हँगरवर. माड म्हटला की वरून नारळ पडायची भीती, तर तिथे जाळी बांधलेली. तारेचा हँगर चालत नाही, कारण जॅकेटाचं सगळं वजन दोन रेघांवर येतं आणि खांद्याच्या शिवणी ताणतात. रॅकवर खिळे चालत नाहीत. पर्यटकांच्या अंगावरचं सनस्क्रीन आणि केसांतलं खोबरेल कॉलरला लागून राहतं. ते साध्या सौम्य साबणानं काढायचं. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचा बोळा कुणी घेऊन आला तर त्याला पडवीत प्रवेश नाही.

ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीस लागतं, तेही बोटाला चिकटेल इतकंच. जास्त लावलं की वाळू धरून ठेवतं. जस्त, पितळ, स्टेनलेस स्टील यांची गाठ जिथे पडते तिथे गंज आधी येतो, म्हणून सिलिंडरचा पट्टा आवळणारं बकल, वजनाच्या खिशांची कुलपं आणि छातीवरच्या कड्या यांवर त्याची रोज नजर फिरते. प्रत्येक जॅकेटाला नंबर आणि प्रत्येक नंबराला वहीत पान. कोणत्या तारखेला कोणता व्हॉल्व्ह उघडला, कोणती गादी बदलली, कुणी काय तक्रार केली. वहीचा उपयोग सीझनच्या गडबडीत कळत नाही. एकाच नंबरापुढे "हळू गळतं" ही नोंद तिसऱ्यांदा आली की ते जॅकेट रॅकवरून उतरतं.

दुरुस्ती कुठे थांबवायची, यावर मालकाशी त्याचे वाद होतात. जॅकेट महाग, सुटे भाग बाहेरून यायचे, आणि भर सीझनमध्ये ते वेळेवर आले तर नशीब. गोव्यातल्या सेंटरांशी ओळखीवर एखादा व्हॉल्व्ह किंवा नळी इकडून तिकडे जाते, तेवढाच दिलासा. गादी, स्प्रिंग, ओ-रिंग, नळी बदलता येते. बाहेरच्या कापडाची शिवण उसवली तर शिवता येते, फक्त आतली पिशवी बाजूला सारून. आतल्या थराला जागोजागी भोकं पडायला लागली की ठिगळांना अर्थ नाही. "चलात रे, उथळात वापरू," असं कुणीतरी म्हणतं. तो नाही म्हणतो, आणि त्या जॅकेटाची पिशवी स्वतः कातरीनं कापून टाकतो, म्हणजे रात्रीत ते पुन्हा रॅकवर येत नाही. बकल आणि कड्या काढून डब्यात.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण वाहून गेली की तो पन्हळीखाली पिंप लावतो. पावसाच्या पाण्यात मीटर जेमतेम दोन आकडी दाखवतो. एप्रिल-मेमध्ये जे मचूळ पाण्यानं साधलं नाही ते या पाण्यानं साधतं. प्रत्येक जॅकेटाला शेवटची आंघोळ पावसाच्या पाण्याची, आतूनबाहेरून, कोमट करून. कोमट पाण्यात जुने खडे लवकर विरघळतात, फार गरम पाणी मात्र युरेथेनला सोसत नाही. मग इन्फ्लेटर उघडायचे. स्वतःला जे येतं ते तो करतो, दांडा आणि त्याचा व्हॉल्व्ह बदलायचं काम कंपनीचं प्रशिक्षण घेतलेल्या तंत्रज्ञाकडे जातं. वर्षातून एकदा ही सर्व्हिस व्हावी असं बहुतेक कंपन्या सांगतात, आणि भाड्यानं चालणाऱ्या साहित्याला एक वर्ष ही वरची मर्यादा समजायची असते.

यानंतर गळतीची परीक्षा. सुरक्षा व्हॉल्व्ह बोलेपर्यंत जॅकेट फुगवायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी हात दाबून पाहायचा. मऊ लागलं की साबणाचं पाणी घेऊन शोध सुरू. "खयसून गळता?" हा प्रश्न पडवीत दिवसभर ऐकू येतो. बहुतेक वेळा बुडबुडे येतात ते व्हॉल्व्हच्या कडेनं किंवा नळी जिथे बांधली आहे तिथून, म्हणजे बरं. कापडाच्या सपाट भागातून आले तर वहीत लाल खूण.

आता खरा कठीण काळ. सिंधुदुर्गात पावसाळ्यात सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. महिना-महिना हवेतली ओल जात नाही, चपला आणि पुस्तकं बुरशीनं पांढरी होतात. जॅकेटाच्या आत तर अंधार, ओल आणि माणसाच्या तोंडातून गेलेला वाफारा, बुरशीला आणखी काय हवं? म्हणून ज्या माणसाला जॅकेटातली हवा तोंडानं ओढायची हौस आहे, त्याला तो आधी एखाद्या न धुतलेल्या जॅकेटाच्या नळीचा वास देतो. शेवटच्या धुण्यात जंतुनाशक द्रावण घालायचं, ते बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकंच ठेवायचं, मग पुन्हा पावसाच्या पाण्यानं काढायचं.

साठवताना जॅकेट अर्धवट फुगलेलं हवं. पूर्ण सपाट ठेवलं की युरेथेनच्या दोन बाजू दमट उकाड्यात एकमेकींना चिकटतात, आणि सप्टेंबरात फुगवताना थर सोलून निघतो. पूर्ण फुगवून ठेवलं तर शिवणींवर तीन महिने ताण. वेटबेल्ट आणि शिशाची वजनं वेगळी, जमिनीलगत. जॅकेटांची खोली कॉम्प्रेसरपासून लांब. कॉम्प्रेसरजवळ तेलाची वाफ असते, शिवाय विजेच्या मोटारींच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि तो रबराला चिरा पाडतो. उंदरांचा उपद्रव वेगळाच. त्यांना सिलिकॉनची तोंडं कुरतडायला आवडतात, झुरळं नळ्यांत अंडी घालतात. रेग्युलेटरच्या तोंडांवर आणि इन्फ्लेटरच्या टोकांवर तो जाळीच्या कापडाच्या पुरचुंड्या बांधतो. प्लॅस्टिकची पिशवी बांधली तर उंदीर येत नाही, पण ओल कोंडते.

दर पंधरवड्याला उघडीप मिळाली की सगळी जॅकेटं बाहेर येतात, हवा बदलते, घड्यांची जागा बदलते. रापणकर घरात जाळं ओलं ठेवणाऱ्याला जेवायला उशिरा बसावं लागे. तो हे सांगतो तेव्हा हाताखालचा मुलगा घड्याळ पाहतो.

कामाचं स्वरूप आता बदलू लागलंय. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र उभं राहिल्यापासून स्थानिक मुलं परवाना घेऊन बाहेर पडतायत, त्यांना स्वतःचं साहित्य हवं असतं. नौदलातून जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही रणगाडे वाहणारी नौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी नेऊन तिचं पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ करायचा प्रकल्प राज्यानं हाती घेतलाय. तिथली खोली किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यापेक्षा जास्त. खोल पाण्यात वेटसूटचा फोम दबून त्याची तरंगायची ताकद कमी होते, जॅकेटावरचं अवलंबन वाढतं. शिवाय लोखंडी नौकेच्या कडांना कापड घासणार. त्यानं मालकाला आत्ताच सांगून ठेवलंय की त्या फेऱ्यांची जॅकेटं वेगळ्या रॅकवर आणि वेगळ्या वहीत राहतील.

दुसरा बदल फोनवरचा. पुण्या-मुंबईचे काही हौशी पाणबुडे आता स्वतःचं जॅकेट घेतात, वर्षातून एक-दोनदा वापरतात आणि उरलेले महिने ते पलंगाखालच्या बॅगेत, कपाटाच्या माथ्यावर किंवा गाडीच्या डिकीत ठेवतात. डिकी सगळ्यात वाईट. रोज वापरल्या जाणाऱ्या भाड्याच्या जॅकेटापेक्षा अशी जॅकेटं लवकर जातात, असा त्याचा अनुभव. दिसायला ती नवी असतात, म्हणून मालकाला शंकाही येत नाही. दिवाळीच्या आधी असाच एक फोन आला. "दादा, जॅकेट गेल्या मेमध्ये वापरलं होतं, तेव्हापासून बॅगेतच आहे. शनिवारी येतोय, तसंच घेऊन येऊ ना?" त्यानं विचारलं, धुऊन ठेवलं होतं का. "हो, शॉवरखाली धरलं होतं." आतून? त्यावर फोनवर थोडा वेळ काहीच आलं नाही. मग त्यानं सांगितलं, आज रात्री तोंडानं फुंकून घट्ट फुगवा, पंख्यापासून लांब ठेवा आणि सकाळी उजव्या-डाव्या दोन्ही बाजू दाबून मला कळवा. सकाळी फोन आला, जॅकेट पार बसलं होतं. मग शनिवारऐवजी गुरुवारी या, तो म्हणाला, आणि येताना बटणं दाबू नका.